मी तुला ते देतो, म्हणजेच 'झ त ल दॉन'

पुण्या-मुंबईत फ्रेंच शिकलेल्या माणसाला कधीतरी व्हँडरट्रॅम्प दांपत्याबद्दल विचारून बघा. 'डॉक्टर अँड मिसेस व्हँडरट्रॅम्प' या नावाचे डॉक्टर कुठेच नाहीत. जाणं, येणं, चढणं, उतरणं, पडणं, जन्मणं, मरणं अशा अर्थांच्या सोळा फ्रेंच क्रियापदांची आद्याक्षरं जुळवून हे नाव बेतलेलं आहे. ही क्रियापदं भूतकाळात बाकीच्यांपेक्षा वेगळी वागतात. ती इंग्रज मुलांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत ही युक्ती निघाली आणि पाठ्यपुस्तकांबरोबर आपल्याकडे आली. मीही हे नाव घोकलं. परीक्षेच्या आदल्या रात्री त्यातला दुसरा 'आर' कोणत्या क्रियापदाचा, यावर मैत्रिणीशी भांडलेही.

हे घोकायची आपल्याला फारशी गरज नव्हती, हे कळायला बरीच वर्षं गेली. ज्या गाठीपाशी इंग्रज मुलगा अडखळतो, ती मराठी मूल चार वर्षांचं होईपर्यंत सोडवून बसलेलं असतं. पण आपण फ्रेंचकडे इंग्रजीच्या दारातून जातो, त्यामुळे इंग्रजांची अडचणही आपली समजून उचलतो. उलट, आपला पाय खरोखर जिथे घसरतो तिथे इंग्रजी पुस्तक गप्प असतं, कारण तो खड्डा त्यांच्या वाटेवर नसतोच. या प्रकरणात फ्रेंच व्याकरणाची पहिली ओळख करून घेताना आपण हे इंग्रजी दार जरा बाजूला ठेवू.

लिहिण्याबद्दल आधी एक खुलासा. इथे फ्रेंच शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. 'झ' हा 'टेलिव्हिजन'मधल्या 'ज'सारखा वाचावा आणि चंद्रबिंदू दिसला की स्वर नाकातून काढावा. कोकणी बोलणाऱ्यांना हे नाकातले स्वर नवे नाहीत. बाकीच्यांनी थोडी सर्दी झाल्याचं सोंग करावं.

तर आधी व्हँडरट्रॅम्प. इंग्रजीत झालेल्या गोष्टी सांगताना 'हॅव' हे एकच साहाय्यक क्रियापद चालतं, गेलेला असो वा खाल्लेलं असो. फ्रेंचमध्ये दोन आहेत. 'आव्हुआर' म्हणजे जवळ असणं आणि 'एत्र' म्हणजे असणं. बहुतेक क्रियापदं आव्हुआर घेतात. व्हँडरट्रॅम्पांची मंडळी मात्र एत्र घेतात आणि मग क्रियापदाचं रूप कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. तो आला, 'इल ए व्हन्यू'. ती आली, 'एल ए व्हन्यू'. कानाला फरक नाही, पण लिहिताना तिच्या रूपाला शेवटी एक जादा 'ई' लागतो. मी बाई आहे, तेव्हा 'मी गेले' हे 'झ स्युई झाले' असं लिहिताना मलाही तो 'ई' जोडावा लागतो. पुरुषाला लागत नाही. मराठीत मी 'गेले' म्हणते आणि माझा भाऊ 'गेलो' म्हणतो, तोच हा प्रकार. आणि हो, त्या वाक्याच्या शेवटी ऐकू येणारं 'झाले' हा निव्वळ योगायोग आहे, पण वर्गात हमखास हशा पिकवतो.

आता दुसरी बाजू. 'मी चिठ्ठ्या लिहिल्या' याचं फ्रेंच आहे 'झे एक्री ले लेत्र'. इथे आव्हुआर आलं, रूप बदललं नाही. पण 'मी लिहिलेल्या चिठ्ठ्या' म्हणायचं झालं की 'ले लेत्र क झे एक्रीत'. एक्रीचं एक्रीत झालं, कारण लेत्र हा शब्द स्त्रीलिंगी आहे, अनेकवचनी आहे आणि क्रियापदाच्या आधी येऊन गेला आहे. नियम असा, की आव्हुआर असताना रूप कर्माप्रमाणे बदलतं, मात्र ते कर्म आधी आलेलं असलं तरच. कर्म मागून येणार असेल तर रूप जागचं हलत नाही.

इंग्रज विद्यार्थी इथे कपाळाला हात लावतो. फ्रेंच मुलंही लावतात, कारण शाळेतल्या शुद्धलेखनात सर्वांत जास्त लाल रेघा इथेच पडतात. आणि मराठी माणूस? तो सकाळी उठल्यापासून हेच करत असतो. मी आंबा खाल्ला. मी भाकरी खाल्ली. मी लाडू खाल्ले. खाणारी एकच, पण क्रियापद कर्माच्या मागे धावतं. आणि मी गेले, तो गेला, त्या गेल्या, इथे ते कर्त्याच्या मागे. यालाच आपण शाळेत कर्मणी आणि कर्तरी प्रयोग म्हणून शिकलो, गुण मिळवले आणि विसरलो. एत्र म्हणजे साधारणपणे कर्तरीचं घर आणि आव्हुआर म्हणजे कर्मणीचं, असं मनाशी धरलं की अर्धं ओझं उतरतं. मराठीत कर्म सहसा क्रियापदाआधीच येऊन बसलेलं असतं, त्यामुळे 'आधी आलं का मागून' ही फ्रेंचांची पंचाईत आपल्याला कधी पडली नाही.

हे साम्य गमतीपुरतं नाही, त्याच्या मुळाशी एकच जुनी चाल आहे. फ्रेंचची आई लॅटिन. उत्तरकालीन लॅटिनमध्ये लोक 'माझ्यापाशी लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत' अशा धर्तीवर बोलू लागले. त्यातलं 'लिहिलेल्या' हे चिठ्ठ्यांचं विशेषण, तेव्हा ते चिठ्ठ्यांप्रमाणे बदलणारच. पुढे 'पाशी आहेत' हा अर्थ झिजला आणि भूतकाळ उरला. आपल्याकडे संस्कृतात 'मया पत्रं लिखितम्' अशी रचना होती. तिथेही 'लिखित' हे पत्राचं विशेषण. प्राकृतातून येताना त्याला 'ल' चिकटला आणि लिहिलं, लिहिली, लिहिल्या अशी रूपं झाली. दोन्ही भाषांनी विशेषणाचं क्रियापद केलं, पण विशेषणाची सवय काही सुटली नाही.

मराठीची अशी मुळं शास्त्रशुद्ध रीतीने खणून काढणारा पहिला मोठा ग्रंथ फ्रेंचमध्येच लिहिला गेला, हे मला फार सुखावतं. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी भाषेच्या घडणीवर प्रबंध लिहिला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी पुढे त्याचा मराठी अनुवाद केला.

फ्रेंचमधल्या या नियमाला कवितेचाही हात लागलेला आहे. सोळाव्या शतकातला दरबारी कवी क्लेमाँ मारो याने इटालियनकडे बोट दाखवत, कर्म आधी आलं तर रूप बदला, हे शिष्यांना पद्यातून सांगितलं. व्याकरणकारांनी ते उचलून धरलं आणि पोरांच्या पिढ्यान् पिढ्या त्याला शिव्या देत राहिल्या. 2018 साली बेल्जियममधल्या दोन माजी शिक्षकांनी आव्हुआरबरोबरचा हा बदल रद्दच करावा असं सुचवलं, तर केवढा गदारोळ उठला. आपल्याकडे उद्या कुणी 'मी भाकरी खाल्लं' हेच प्रमाण धरा म्हणालं तर काय होईल, ते डोळ्यांसमोर आणून पाहा.

एक इशारा मात्र देऊन ठेवते. मराठीत 'ती धावली', 'ती झोपली' हेही कर्तरीच आहेत, पण फ्रेंचमध्ये धावणं आणि झोपणं आव्हुआर घेतात. एत्रचं घर आपल्या कर्तरीपेक्षा लहान आहे. जागा बदलणं किंवा अवस्था बदलणं, जसं येणं, जाणं, जन्मणं, मरणं, बहुधा एवढ्यांनाच तिथे प्रवेश. वर 'स्वतःला धुणं', 'स्वतःला उठवणं' अशा आत्मवाचक क्रियापदांनाही. इंग्रजीतही एकेकाळी अशी सोय होती. 'ही इज गॉन' हा तिचाच उरलेला तुकडा.

लिंगाकडे वळू. इंग्रजी पुस्तक इथे दिलगिरीच्या सुरात सुरू होतं. टेबलाला लिंग असतं हे इंग्रज मुलाला पटवून द्यावं लागतं. खरं तर जुन्या इंग्रजीत तीन लिंगं होती. 1066 साली नॉर्मन इंग्लंडात उतरले, त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत ती पार झिजून गेली. मराठीने मात्र तिन्ही लिंगं जपून ठेवली. फ्रेंचमध्ये दोनच उरली, कारण लॅटिनमधलं नपुंसकलिंग बहुतांशी पुल्लिंगात विरघळलं. म्हणजे आपल्याला एक खण कमीच सांभाळायचा आहे.

धोका वेगळाच आहे. आपली लिंगं आपण तिथे न्यायला जातो. सूर्य पुल्लिंगी, 'ल सोलेय' पुल्लिंगी, छान. खुर्ची स्त्रीलिंगी, 'ला शेझ' स्त्रीलिंगी, त्याहून छान. मग आपण निर्धास्तपणे समुद्राला पुल्लिंगी करतो आणि आपटतो, कारण 'ला मेर' ही बाई आहे. चंद्रसुद्धा तिकडे बाई, 'ला ल्यून'. मृत्यूही बाईच, 'ला मॉर'. शेवटावरून थोडा अंदाज बांधता येतो. 'सियाँ', 'एत', 'ते' असे शेवट बहुधा स्त्रीलिंगी. 'माँ', 'आझ' असे बहुधा पुल्लिंगी. पण 'आझ'ने संपूनही 'ला प्लाझ', म्हणजे समुद्रकिनारा, स्त्रीलिंगी. यावर मराठी माणसाने नाक मुरडू नये. ईकारान्त शब्द स्त्रीलिंगी असं आपण परक्याला सांगतो आणि लगेच पाणी, हत्ती, मोती, लोणी घेऊन त्याच्यासमोर उभे राहतो.

एकच शब्द लिंग बदलून अर्थ बदलतो, याचं इंग्रजी पुस्तकांना भारी आश्चर्य. 'ल तूर' म्हणजे फेरी, 'ला तूर' म्हणजे मनोरा. म्हणून 1903 पासूनची सायकल शर्यत 'ल तूर द फ्राँस' पुल्लिंगी आणि 1889 साली उभा राहिलेला आयफेलचा मनोरा, 'ला तूर एफेल', स्त्रीलिंगी. 'ल लीव्र' पुस्तक, 'ला लीव्र' अर्धा किलो वजन किंवा ब्रिटिशांचा पौंड. आपल्याकडे तो माळ उजाड असतो आणि ती माळ गळ्यात असते. तो हार घालतात, ती हार पत्करावी लागते. 'मला वेळ मिळाला नाही' आणि 'जेवायची वेळ झाली', यांतला वेळ नेमका कधी बाप्या होतो नि कधी बाई, हे परक्याला समजावताना माझी बोलती बंद झालेली आहे.

नवा शब्द आला की त्याचं लिंग कोण ठरवतं? आपल्याकडे बस ती झाली, ट्रक तो झाला, टेबल ते झालं. कुठली समिती बसली नाही. फ्रान्समध्ये समिती आहे. कार्दिनाल रिशलिय याने 1635 साली स्थापलेली फ्रेंच अकादमी. तिच्या चाळीस सदस्यांना 'अमर' म्हणतात. 2020 च्या मे महिन्यात, जग घरात कोंडलेलं असताना, या अमरांनी निर्णय दिला की कोविड स्त्रीलिंगी आहे, कारण त्या नावात दडलेला 'आजार' हा शब्द फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आहे. कॅनडातल्या क्वेबेकने 'ला कोव्हिद' मान्य केलं. फ्रान्सच्या रस्त्यावर लोक तोवर 'ल कोव्हिद' म्हणायला लागले होते, ते तसंच म्हणत राहिले. मराठीत तो केव्हाच 'झाला' होता.

विशेषणं नामाप्रमाणे बदलतात, यात आपल्याला काय नवल! पांढरा-पांढरी, 'ब्लाँ-ब्लाँश'. लाल मात्र तसाच राहतो आणि त्यांचा 'रूझ'सुद्धा लिंग बदलल्यावर तसाच राहतो. कठीण आहे ते विशेषणाचं स्थान. फ्रेंचमध्ये ते बहुधा नामाच्या मागून येतं, मोजकी लाडकी तेवढी पुढे. काही तर जागा बदलली की अर्थ बदलतात. 'ग्राँ' आधी आलं तर थोर माणूस, नंतर आलं तर उंच माणूस. इथे मराठी आणि इंग्रजी दोघी एकाच बाकावर बसून रडतात.

'त्याचा' आणि 'तिचा' यांची गोष्ट मला त्याहून रंजक वाटते. इंग्रजीत 'हिज' की 'हर', हे मालकावरून ठरतं. फ्रेंचमध्ये 'साँ' की 'सा', हे वस्तूवरून ठरतं. 'सा मेर' म्हणजे त्याची आई की तिची आई, हे वाक्यापुढचं वाक्य ऐकल्याशिवाय कळत नाही. इंग्रज मुलगा 'त्याची आई' म्हणताना पुल्लिंगी 'साँ' वापरतो आणि चुकतो. मराठी दोन्हीकडे बघते. 'त्याची' या एका शब्दात 'त्या' मालकाचं लिंग सांगतं आणि 'ची' आईचं. एकीने मालक पाहिला, दुसरीने मालमत्ता, आपण सातबाऱ्यासारखी दोघांची नोंद ठेवली. फ्रेंच बोलताना आपल्याला त्यातली निम्मी नोंद फक्त सोडून द्यायची आहे.

'त्यु' आणि 'व्हू' शिकवताना इंग्रजी पुस्तकं दोन-दोन पानं खर्च करतात, तक्ते काढतात. इंग्रजीतला 'दाऊ' सतराव्या-अठराव्या शतकात बोलण्यातून निघून गेला, त्यामुळे त्यांना ते भाग आहे. फ्रेंचमध्ये 'त्यु' म्हणण्याला 'त्युत्वाये' आणि 'व्हू' म्हणण्याला 'व्हूव्हुआये' अशी स्वतंत्र क्रियापदं आहेत, हे सांगताना त्या पुस्तकांचा स्वर चकित असतो. आपण म्हणतो, अरे-तुरे करणं आणि अहो-जाहो करणं. बस्स, इथे धडा संपायला हरकत नव्हती.

पण बारकावे आहेत. आईला अरे-तुरे आणि वडिलांना अहो-जाहो, ही आपल्या कित्येक घरांतली रीत तिकडे नाही. आजचं फ्रेंच मूल दोघांनाही 'त्यु' म्हणतं. 'व्हू' बहुधा परस्पर असतं. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष राहिलेले झाक शिराक आणि त्यांच्या पत्नी बेर्नादेत हे दोघंही एकमेकांना 'व्हू' म्हणत. फक्त बायकोनेच अहो म्हणायचं, असा मामला नव्हता. राज्यक्रांतीच्या ऐन भरात, 1793 च्या सुमारास, सगळे नागरिक समान तर सगळ्यांनी 'त्यु'च म्हणावं असा आग्रह धरला गेला. तो फार टिकला नाही. 18 जून 2018 ला एका सरकारी समारंभात एका शाळकरी मुलाने राष्ट्राध्यक्ष माक्रों यांना लाडक्या नावाने हाक मारून 'काय, ठीक ना?' असं विचारलं, तेव्हा त्यांनी त्याला तिथल्या तिथे झापलं, की मला 'श्रीयुत राष्ट्राध्यक्ष' म्हण. आणि हे झापताना स्वतः त्याला 'त्यु' म्हटलं. इंग्रजी बातम्यांमध्ये हा शेवटचा तपशील अनुवादात सांडला. मराठी वाचकाला तो सांगावाही लागत नाही.

आणखी एक फरक. 'व्हू' हा मान तोंडावर असेपर्यंतच. माणूस खोलीबाहेर गेला की तो 'इल' होतो, साधा एकवचनी तो. आपल्याकडे साहेब निघून गेले तरी 'गेले'च राहतात. फ्रेंचमध्ये पाठ वळली की साहेब गेला.

या प्रकरणाला जे नाव दिलं आहे, ते आता उलगडते. 'झ त ल दॉन.' झ म्हणजे मी, त म्हणजे तुला, ल म्हणजे ते, दॉन म्हणजे देतो. मी-तुला-ते-देतो, शब्दाखाली शब्द ठेवा. इंग्रजीत क्रियापद मधे घुसतं आणि सर्वनामं मागे पडतात, म्हणून इंग्रजी पुस्तकात या एका वाक्यासाठी सर्वनामांची उतरंड आखलेली असते. मराठी माणसाने सर्वनामांपुरतं मराठीत बोलावं. 'झ त व्हुआ', मी तुला बघतो. फक्त सर्वनामाऐवजी नाव आलं की ते क्रियापदाच्या मागे जातं, 'झ व्हुआ मारी', आणि तिथे आपण पुन्हा इंग्रजांच्या पंगतीत.

आवडण्याचंही तसंच. इंग्रजीत 'आय लाइक' म्हणताना आवडून घेणारा मी कर्ता होतो. मराठीत 'मला ते आवडतं', कर्तेपण त्या वस्तूकडे. फ्रेंचमध्ये 'सा म प्ले', नेमकं तेच: ते मला आवडतं. 'मला पाव पाहिजे' हे 'इल म फो द्यु पँ', म्हणजे मला लागतो पाव. कुणाची आठवण येते तेव्हा फ्रेंच माणूस 'त्यु म मांक' म्हणतो, शब्दशः 'तू मला उणा आहेस'. इंग्रज विद्यार्थी हे हमखास उलटं करतो आणि 'मी तुला उणा आहे' असं सांगून बसतो. आणि 'तू यावंस असं मला वाटतं' यातलं 'यावंस' ज्याला जमतं, त्याला फ्रेंचमधला इच्छार्थी प्रकार भूत वाटायला नको. 'इल फो क त्यु व्हिएन', तू यायला हवंस. खास इच्छेसाठी, गरजेसाठी क्रियापदाचं वेगळं रूप, विध्यर्थासारखंच.

नकाराची कथा मात्र आपल्याकडेही नाही, पण आपल्याला चटकन समजेल अशी आहे. फ्रेंचमध्ये नकार दोन तुकड्यांत येतो, क्रियापदाआधी 'न' आणि नंतर 'पा'. 'झ न से पा', मला माहीत नाही. यातला 'पा' म्हणजे मुळात पाऊल. 'मी पाऊलभरही चालत नाही', असा जोर देण्यासाठी तो आला. थेंबभर पीत नाही, कणभर खात नाही, असे इतरही जोरदार शब्द होते. पावलाने सगळ्यांना मागे टाकलं, आणि चालण्याशी संबंध नसलेल्या क्रियापदांनाही ते चिकटलं. पुढची गंमत अशी, की बोलण्यात आज मूळचा 'न' गळून पडतो आणि 'शे पा' एवढंच ऐकू येतं. पाऊल म्हणजेच नाही! उद्या मराठी माणसं 'मला तीळभर कळत नाही'मधलं 'नाही' टाकून 'मला तीळ कळतं' म्हणू लागली आणि त्याचा अर्थ 'मला कळत नाही' झाला, तर तो हाच प्रवास. ओटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने 1917 साली अनेक भाषांमधलं हे चक्र मांडून दाखवलं.

क्रियापदाच्या वर्तमानकाळी रूपांनी इंग्रजी पुस्तकांचे तक्ते भरलेले असतात. सहा सर्वनामं, सहा रूपं. पण कान लावून ऐका. मी बोलते, 'पार्ल'. तू बोलतोस, 'पार्ल'. तो बोलतो, 'पार्ल'. ते बोलतात, तरीही 'पार्ल'. देवनागरीत लिहिलं की हे बिंग फुटतं. रोमन लिपीत प्रत्येकाला वेगळी शेपटी असते, पण ती मुकी असते. कानाला वेगळी अशी फक्त दोन, आम्ही बोलतो 'पार्लाँ' आणि तुम्ही बोलता 'पार्ले'. 'व्हू पार्ले' हे रूप मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या माणसाला पाठ करावं लागत नाही, हे ओघाने आलंच.

शेपट्या मुक्या झाल्या, म्हणून फ्रेंचला सर्वनामाशिवाय बोलता येत नाही. आपण 'येते हं' म्हणून निघतो, 'मी' कुणी म्हणत नाही, कारण कोण येते ते क्रियापदच सांगतं. लॅटिन तसंच बोलत होती, स्पॅनिश आजही बोलते. फ्रेंचने शेपटीचा आवाज घालवला आणि त्याची भरपाई पुढे सर्वनाम लावून केली. मराठी विद्यार्थी सर्वनाम गाळतो. इंग्रजी पुस्तक त्याला यासाठी सावध करत नाही, कारण इंग्रज कधी गाळत नाही.

मुकी अक्षरं शेजारी स्वर आला की मात्र बोलू लागतात. 'ले' आणि 'आमी' मिळून 'लेझामी', मित्र. संधीच ही, फक्त लिहिताना न दाखवलेली. काही शब्द ती करू देत नाहीत. 'वीर' या अर्थाचा 'एरो' त्यांतला एक. संधी केली तर 'ले झेरो' होईल, म्हणजे शून्यं. देशासाठी लढलेल्यांना शून्य म्हणण्याची वेळ येऊ नये म्हणून तरी हा अपवाद लक्षात राहतो.

आकड्यांवरून फ्रेंचची जगभर टिंगल होते. सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-विसा', नव्याण्णव म्हणजे 'चार-विसा-दहा-नऊ'. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तर-नव्वदला सरळ शब्द आहेत, 'सेप्ताँत' आणि 'नोनाँत'. पण विसांनी मोजणं आपल्याकडे बाजारात आणि गोठ्यात चालत आलेलंच आहे. 'तीन इसा नि दहा' म्हणणारी माणसं मी लहानपणी ऐकली आहेत. पॅरिसमधल्या एका जुन्या नेत्ररुग्णालयाचं नाव आजही 'केंझ-व्हँ' आहे, म्हणजे पंधरा-विसा. तेराव्या शतकात राजा नववा लुई याने तीनशे अंधांसाठी ते आश्रयस्थान उभारलं. शिवाय एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत गोंधळणाऱ्या नातवंडांच्या आजीने फ्रेंचांना हसण्यापूर्वी दोनदा विचार करावा. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या गणितात तेवीसला 'वीस तीन' असा पर्याय दिला, तेव्हा आपल्याकडे जे रामायण झालं ते आठवतं ना?

आता आपला खड्डा. मराठीत आर्टिकल नाही. इंग्रजीत 'अ' आणि 'द' आहेत, पण पुष्कळदा काहीच न लावताही भागतं. फ्रेंच नाम सहसा उघडं फिरत नाही. मला चहा आवडतो, तर सगळा चहा, म्हणून 'ल ते'. मी चहा पिते, तर त्यातला थोडा, म्हणून 'द्यु ते'. एक कप मागवला तर 'अँ ते'. आपल्याला तिन्ही ठिकाणी चहा तो चहाच. इंग्रज इथे एखाददुसरा चुकतो, आपण सरसकट चुकतो आणि चुकलो हे आपल्याला ऐकूही येत नाही.

पॅरिसमध्ये पहिल्याच सकाळी मी बेकरीत गेले. वाक्य वाटेत तयार केलं होतं. 'पँ' हा शब्द तर आपलाच चुलतभाऊ. लॅटिनच्या 'पानिस'पासून फ्रेंचमध्ये पँ झाला, पोर्तुगीजमधून गोव्यामार्गे आपल्याकडे पाव झाला. 'इल म फो' ही रचनाही मराठी वळणाची. सगळं जमून आलं होतं. मी म्हटलं, 'इल म फो पँ'. काउंटरवरची बाई थांबली. 'अँ पँ? युन बागेत?' मला वाटलं ती माझा उच्चार सुधारते आहे, म्हणून मी घाईने 'अँ पँ, अँ पँ' म्हटलं. बागेत म्हणजे तो लांब, सडपातळ, अडीचशे ग्रॅमचा पाव, हे मला माहीत होतं. नुसतं 'अँ पँ' म्हटलं की त्याच्या दीडपट वजनाचा जाडजूड थोरला भाऊ हातात येतो, हे नव्हतं. खोलीत मी एकटी, आणि तिसऱ्या दिवशी तो पाव सुरीलाही दाद देईना.